सणाच्या चित्रपुस्तकातला प्राणी: मूल जे बघेल तेच करेल

प्रश्न थोडक्यात असा: पाच ते आठ वर्षांच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांनी वाचून दाखवावं असं चित्रपुस्तक करायचं आहे. त्यात सणाची गंमत हवी आणि वाचून प्राण्यांविषयी माया वाटायला हवी. मजकूर तयार आहे. त्यात नागपंचमी, पोळा, दिवाळी, संक्रांत आणि होळी असे पाच सण घेतले आहेत. पण वाचून दाखवताना मुलं दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच उठून जातात. कुठे चुकतंय?

पहिली गोष्ट, हे एक पुस्तक नाही, पाच पुस्तकं आहेत. २४ पानांत पाच सण कोंबले की एकेकाच्या वाट्याला दोन जोडपानं (समोरासमोरची पानं) येतात. तेवढ्यात प्राणी भेटायचा, अडचणीत यायचा आणि सुटायचा, हे काही मावत नाही. मग उरतं ते आजीच्या तोंडचं एक वाक्य, ‘बाळांनो, मुक्या प्राण्यांवर दया करावी.’ मूल उठतं ते नेमकं तिथे. एकच सण घ्या, एकच प्राणी घ्या आणि त्या मुलाच्या हातून होईल अशी एकच कृती घ्या.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. या वयाचं मूल मजकूर विसरतं, पण चित्र करून बघतं. पुस्तकातलं प्रत्येक चित्र त्याच्यासाठी ‘असं करायचं असतं’ हे दाखवणारं असतं. म्हणून प्राण्यांवरच्या पुस्तकात चित्र चुकलं तर ते खऱ्या प्राण्याला भोवतं, कधी मुलालाही.

नेहमीची उदाहरणं बघा. मुलगी रस्त्यावरच्या कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून बसली आहे आणि कुत्रा हसतो आहे. असं चित्र मुखपृष्ठावर फार गोड दिसतं. पण अनोळखी कुत्र्याला मिठी म्हणजे पकडून ठेवणं वाटतं. मुलाचा चेहरा त्याच्या जबड्याजवळ येतो आणि चावा बसला तर तोंडावर बसतो. मांजरापुढे दुधाची वाटी, हे दुसरं. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. वाटीत पाणी काढा, काम झालं. तिसरं म्हणजे जखमी चिमणीच्या चोचीत थेंब थेंब पाणी घालणारा मुलगा. ते पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि वाचवायला घेतलेलं पाखरू हातातच जातं. योग्य चित्र म्हणजे भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत मऊ सुती फडकं, झाकण लावलेलं, आणि मूल मोठ्या माणसाला हाक मारतं आहे.

हे सगळं कळल्यावर पुष्कळ लेखक घाबरतात आणि मजकुरात ‘हे करू नका, ते करू नका’ अशी यादी येते. त्याची गरज नसते. आपल्या बऱ्याच सणांत प्राण्याचा विचार आधीच केलेला आहे. तो शोधून काढा आणि गोष्ट तिथे सुरू करा.

नागपंचमीचंच घ्या. त्या दिवशी शेत नांगरायचं नाही, जमीन खणायची नाही, चिरायचं-कापायचं नाही, तवा चढवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडायची. श्रावणात बिळांत पाणी शिरतं, साप बाहेर पडतात, वावरात असतात. न खणण्याच्या चालीत त्या जिवाची आठवण आहे. सहा वर्षांच्या मुलाला ‘आज कुदळ झोपली आहे’ एवढं वाक्य पुरतं. पाटावर चंदनाने नाग काढणारी आई, मातीचा नाग करणारा भाऊ आणि बांधावरून आपल्या वाटेने जाणारा खरा नाग, एवढ्यात पुस्तक उभं राहतं.

या पुस्तकात नागाला दूध पाजायचं चित्र नको, पूजेतल्या वाटीच्या रूपातसुद्धा नको. साप दूध पचवू शकत नाही. गारुड्याकडचा नाग दूध पितो, कारण त्याला कित्येक दिवस पाणीच मिळालेलं नसतं. तहानलेला साप समोर येईल ते पितो. त्याचे दात पाडलेले असतात, कधी तोंड शिवलेलं असतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यानुसार नाग पकडणं आणि खेळवणं गुन्हा आहे. पण हे मुलांच्या पानावर नको, मोठ्यांसाठीच्या पानावर हवं. चित्रकाराला मात्र चार गोष्टी आधीच सांगून ठेवा. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे मिटलेले किंवा लांब पापण्यांचे डोळे काढायचे नाहीत. नागाची बाहुली गोल असते, उभ्या चिरेसारखी नसते. जीभ बाहेर काढायला त्याला तोंड उघडावं लागत नाही. आणि फण्यावरचा १० चा आकडा मागच्या बाजूला असतो. समोरून फणा काढून त्यावर आकडा रंगवणं ही इतकी सर्रास होणारी चूक आहे की छापून आलेल्या पुस्तकांतही ती सापडते. बाहेरचा कान नागाला नसतो. पुंगीबरोबर तो डोलतो तो तिच्या हालचालीवर डोळा ठेवून.

पोळ्याचं पुस्तक करणार असाल तर आदल्या संध्याकाळपासून सुरू करा. पोळा श्रावण अमावास्येला, पण जीव आहे तो खांदेमळणीत. वर्षभर जू वाहून बैलाच्या मानेवर घट्टा पडलेला असतो. तो कोमट पाण्याने शेकायचा, मग हळद आणि तूप किंवा लोणी लावून तळहाताने मळायचा. आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ मुलांच्या पुस्तकात यापेक्षा चांगलं वाक्य आपण नव्याने लिहू असं वाटत नाही. ते जसंच्या तसं घ्या. या जोडपानावर पूर्ण बैल काढायचा मोह आवरा. फक्त मान, वशिंडाची सुरुवात, घट्ट्याची खरबरीत कातडी आणि त्यावर एक मोठा आणि एक छोटा तळहात, बोटांच्या फटीत हळद. मूल त्या पानावर आपला हात ठेवून बघतं. तसं झालं की पुस्तक बरोबर चाललंय असं समजावं.

बैल कोणत्या गावचा आहे तेही आधी ठरवा. सोलापूर-सांगलीकडची गोष्ट असेल तर खिल्लार, पांढरा, मागे जाऊन वर वळलेल्या लांब शिंगांचा. अकोले-इगतपुरीच्या पावसात डांगी, ठिपक्याठिपक्यांचा. नांदेडकडे लाल कंधारी, वर्ध्याकडे गवळाऊ. वशिंड नसलेला, आखूड शिंगांचा परदेशी बैल झूल घालून उभा केलेला दिसला की खेड्यातलं मूल पहिल्याच पानावर पुस्तकावरचा विश्वास गमावतं. वेळेचंही तसंच. पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच भागांत बैलांचा सण बेंदूर असतो आणि तो आषाढात येतो. विदर्भातलं पुस्तक असेल तर तान्हा पोळा विसरू नका. लाकडी बैल घेऊन निघालेली मुलं हीच तिथली नायक.

पोळ्यात चुकतं कुठे? एक, बैलापुढे पुरणपोळ्यांची चळत. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात असं धान्याचं, गोडाचं अन्न एकदम जास्त गेलं की पोटातलं आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, पोट फुगतं आणि उपचार वेळेवर झाले नाहीत तर बैल दगावतो. पोळ्यानंतर जनावरांच्या डॉक्टरांकडे असे बैल येतात. चित्रात एक पोळी काढा, हातावर ठेवलेली, आणि शेजारी हिरव्या चाऱ्याचा भारा. दोन, शिंगांना चकचकीत ऑइलपेंट. बैल एकमेकांना चाटतात, रंग पोटात जातो. गेरू दाखवा. तीन, ‘बैलाला मोकळं सोडा’ असा शहरी शेवट. ज्या घरात बैल आहे तिथलं मूल त्याच्याबरोबरच वाढतं आणि तो काम करतो हे त्याला ठाऊक असतं. त्याच्या बापाला दुष्ट ठरवणारं पुस्तक ते मूल पुन्हा उघडणार नाही. पराणीची टोचणी न लावणं, भर दुपारी जू सोडणं, पाण्यावर आधी बैलाला नेणं, माया इथे दिसू द्या.

संक्रांत आणि होळीत अशी आयती चाल सापडत नाही, तिथे गोष्ट तुम्हालाच रचावी लागेल. संक्रांतीत मुलाच्या हातून होईल अशी उत्तम कृती म्हणजे दुसऱ्या दिवशी गच्चीवरचा, झाडाखालचा तुटका मांजा गोळा करून गुंडाळणं. मूल मोजू शकतं, खेळासारखं करू शकतं. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. चित्रातली फिरकी साध्या सुती दोऱ्याचीच हवी. पक्षी सकाळी लवकर आणि संध्याकाळी जास्त उडतात, म्हणून चित्रातले पतंग दुपारच्या उन्हातच काढा, आकाशाचा रंगही तसाच. होळीत कुत्र्याला रंगवलेलं चित्र गमतीसाठीसुद्धा नको. तो अंग चाटून साफ करतो.

आता दिवाळी. तुमचं पुस्तक दिवाळीच्या सुट्टीत वाचायचं आहे, म्हणून याचा आराखडा पानवार देते.

महाराष्ट्रातल्या मुलांच्या दिवाळीत एक गोष्ट खास त्यांची असते, ती म्हणजे किल्ला. विटा, दगड, वर गोणपाट, त्यावर चिखल, हळीव किंवा मोहरी पेरून उगवलेली हिरवळ, मावळे आणि सिंहासनावर महाराज. आणि पुष्कळ ठिकाणी दिवाळी संपली की तोच किल्ला सुतळी बॉम्ब लावून उडवायचा. गोष्टीचा ताण इथे तयारच आहे. फटाक्यांना घाबरलेला कुत्रा अंधारी, बंदिस्त जागा शोधतो, आणि किल्ल्याखाली विटांमध्ये पोकळी असते.

२४ पानं अशी लावा. पान १ शीर्षक, पान २ श्रेयनामावली, पान ३ एकटं. मग ४-५ पासून २२-२३ पर्यंत दहा जोडपानं, आणि पान २४ मोठ्यांसाठी. पान ३ वर फक्त विटांचा ढीग आणि त्यावर बसलेला मोती, म्हणजे गोष्टीतला कुत्रा. ४-५ ते ८-९ किल्ला चढतो, मोती प्रत्येक पानावर कुठेतरी आहे, पण मजकुरात त्याचं नाव नाही. मुलं त्याला शोधतात आणि पान उलटायला घाई करतात. १०-११ वर पहिला फटाका. १२-१३ हे मधलं जोडपान, त्याचं महत्त्व पुढे सांगते. १४-१५ मोती दिसत नाही. १६-१७ गोष्टीतली मुलगी सई त्याला शोधते. १८-१९ किल्ल्याच्या दारातून दोन डोळे. २०-२१ भाऊबीज संपली, मुलं बॉम्ब घेऊन आली आहेत. २२-२३ सई काय करते.

मजकूर किती? पूर्ण गोष्टीत ३०० च्या आसपास शब्द, एका जोडपानावर ३५ च्या वर नाही. मापासाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या वाचनपातळ्या बघा: पहिली २५० शब्दांपर्यंत, दुसरी २५० ते ६००. तुमचं पुस्तक दुसऱ्या पातळीच्या खालच्या टोकाला बसतं. तिथे मराठी पुस्तकं मोफत वाचता येतात. वीस-पंचवीस मोठ्याने वाचली की कानाला माप कळतं.

तुमच्या मजकुरात १६-१७ च्या जागी असं वाक्य आहे: ‘सईला मोतीची खूप दया आली, कारण फटाक्यांच्या आवाजाने मुक्या प्राण्यांना अतिशय त्रास होतो हे तिला समजले.’ यात चित्राला काही काम उरत नाही आणि मुलाला शोधायला काही उरत नाही. त्याऐवजी:

‘जिन्याखाली? नाही.
रिक्षाखाली? नाही.
पाण्याच्या टाकीमागे? तिथे मनी.
धडाम्!
मनीही नाही.’

दया हा शब्दच नाही, पण मूल मोतीला शोधू लागलं. ‘मुका प्राणी’ हा शब्दप्रयोग तर काढूनच टाका. कुत्रा कण्हतो, कुंईकुंई करतो, गुरगुरतो. ज्याचं बोलणं ऐकायला शिकवायचं त्यालाच मुका म्हणायचं, हे जमत नाही. मोतीला माणसासारखं बोलायलाही लावू नका. त्याने बोलून सांगितलं की ‘मला भीती वाटते’, तर मूल त्याचं अंग वाचायला शिकत नाही.

आणि अंग वाचायला शिकवणं हाच या पुस्तकाचा खरा लाभ आहे. घाबरलेल्या कुत्र्याची शेपूट पायांत जाते, कान मागे चिकटतात, डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसतो. तो ओठ चाटतो, धावला नसतानाही धापा टाकतो, झोप आली नसतानाही जांभई देतो. यातली एकेक खूण १०-११ पासून एकेका पानावर वाढवत न्या, मजकुरात एकही सांगू नका. घरी तिसऱ्यांदा वाचताना मूल स्वतः बोट ठेवतं, ‘हे बघ, इथे कान असे नव्हते.’

१२-१३ वर चित्र कुत्र्याच्या उंचीवरून काढा. जमिनीपासून वीतभर, माणसांचे फक्त गुडघे आणि चपला, भुईनळा झाडाएवढा. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे उंच स्वर ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचे. हा आकडा मजकुरात नको, तो चित्रात उतरवा. ‘धडाम्’ची अक्षरं पानाच्या तिन्ही कडांबाहेर कापली जाऊ द्या. हे पान मधलंच का? सेंटर पिनच्या, म्हणजे मधोमध पिना मारलेल्या पुस्तकात फक्त मधलं जोडपान एका सलग कागदावर छापलं जातं. बाकी सगळीकडे डावं आणि उजवं पान वेगळ्या कागदांचं असतं आणि शिवणीवर चित्र एखाद मिलिमीटर सरकतं. म्हणून इतर पानांवर डोळा, चेहरा किंवा अक्षर शिवणीत येऊ देऊ नका, दोन्हीकडे १० मिलिमीटर मोकळे सोडा.

शेवट. सईने मोतीला ओढून बाहेर काढायचं नाही. घाबरलेला कुत्रा कोपऱ्यात हात घातला तर चावतो. तिने त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, समोर वाकायचं नाही. ती किल्ल्यापासून चार पावलांवर तिरकी बसते, पाठ अर्धी मोतीकडे, दारापाशी पाण्याचं भांडं. बॉम्बची वात तिने मुठीत धरली आहे, पेटलेली नाही. मुलं ताटकळली आहेत. मजकूर फक्त एवढाच: ‘सई म्हणाली, किल्ल्यात कोणीतरी आहे.’ मोती बाहेर आला की नाही ते पान २४ च्या कोपऱ्यात दाखवा, ओलं नाक आणि एक पंजा. सईने त्याला घरी नेऊन पाळलं, असा शेवट नको. बहुतेक घरांत ते शक्य नसतं आणि मुलाला वाटतं की माया करायची तर प्राणी आपला व्हायलाच हवा. गटात एक मूल कुत्र्याला घाबरणारंही ठेवा, लांब उभं, आणि पाण्याचं भांडं आणून सईच्या हातात देणारं. वाचणाऱ्यांत अशी मुलं असतातच.

छपाईचं थोडक्यात. २० × ३० इंची कागदातून क्राऊन क्वार्टो हा आकार काढा, कापून साधारण ७.२५ × ९.५ इंच. एका तावात १६ पानं, म्हणजे २४ ला दीड ताव, कागद वाया जात नाही. चौकोनी आकार देखणा, पण कातरण जास्त. आतला कागद १३० जीएसएम (कागदाचं वजन) मॅट, मुखपृष्ठ २५० ते ३००. चित्रं ३०० डीपीआय (इंचात किती ठिपके), सीएमवायके (छपाईचे चार रंग), ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड) ३ मिलिमीटर. रात्रीची पानं पडद्यावर दिसतात त्याहून काळपट छापली जातात. डोळे आणि कान अंधारात बुडतील, म्हणून त्या पानांचं प्रूफ (छापील नमुना) प्रत्यक्ष कागदावर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. अक्षर १८ ते २० पॉइंट, ओळींत भरपूर जागा, शब्द ओळीअखेर तोडायचा नाही. मजकूर श्रीलिपी या जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणला असेल तर रफार आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ हमखास बिघडतात. रूपांतरानंतरचं प्रूफ नव्या माणसाकडून वाचून घ्या, तुमचे डोळे ते आपोआप दुरुस्त करून वाचतील.

पान २४ वर मोठ्यांसाठी ८० ते १०० शब्द, जास्त नाही. कुत्रा चावला किंवा ओरखडला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखान्यात जायचं, हे पहिलं वाक्य. मग फटाक्यांच्या दिवसांत दार-खिडक्या बंद, पाणी भरलेलं, पाळीव प्राण्याच्या पट्ट्यावर फोन नंबर. वन्यप्राण्यासाठी वन विभागाचा १९२६ हा क्रमांक द्या. गावातल्या प्राणीमित्रांचा नंबर मात्र छापू नका, तो बदलतो. त्याऐवजी एक रिकामी ओळ आखा आणि ‘आपल्या भागातला नंबर इथे लिहा’ म्हणा. ती ओळ मूल आणि मोठं माणूस मिळून भरतात.

चित्रं रंगवायच्या आधी काळ्या-पांढऱ्या कच्च्या चित्रांची डमी, म्हणजे नमुन्याची प्रत शिवा आणि सहा ते आठ मुलांना वाचून दाखवा, एका वेळी दोन-तीन. मजकूर तुम्ही वाचू नका, दुसऱ्याला द्या आणि तुम्ही मुलांचे डोळे बघा. नजर पुस्तकावरून उठली की ते पान डमीवर खुणावून ठेवा. दोन गटांत एकाच पानावर खूण आली तर ते पान बदला. ‘काय शिकलात?’ असं विचारलंत तर मुलं तुम्हाला हवं तेच उत्तर देतील. विचारा, ‘मोती तुमच्या इमारतीखाली असता तर?’ कोणी ‘मी त्याला उचलेन’ म्हणालं तर १८-१९ किंवा २२-२३ चं चित्र कुठेतरी चुकीचं सांगतं आहे. तिथे सईचा हात किंवा बसण्याची दिशा बदलून पुन्हा दाखवा.

वेळेचा हिशेब उलटा मांडा. पुस्तक घटस्थापनेच्या आसपास दुकानात हवं, छपाई आणि बांधणीला महिना, प्रूफ-दुरुस्तीला महिना, दहा जोडपानं नीट रंगवायला चार महिने, डमी आणि वाचनचाचणीला दीड-दोन. म्हणजे मजकूर संक्रांतीच्या सुमारास पक्का झालेला हवा. यंदा घाई करून काढण्यापेक्षा पुढच्या दिवाळीला काढा.